लंडन : स्थलदर्शनाच्या खर्चाची आखणी कशी करावी?

घोडबंदरवासी

नमस्कार. येत्या मे महिन्यात (मे २०२५) आम्ही सोमवार ते रविवार असे सात दिवस लंडनला जात आहोत. विमानाची तिकिटे, व्हिसा आणि राहण्याची जागा यांचे पैसे भरून झाले आहेत. आता शहरात गेल्यावर काय काय पाहायचे आणि त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवायची, हा प्रश्न उरला आहे. आम्ही चौघे आहोत : मी, पत्नी, ९ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई.

मी बसून एक यादी केली. टॉवर ऑफ लंडन, लंडन आय हा मोठा आकाशपाळणा, मादाम तुसाँचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय, शार्ड या उंच इमारतीचा माथा, वेस्टमिन्स्टर अॅबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल ही दोन चर्चे, क्यू गार्डन्स हे वनस्पती उद्यान, लॉर्ड्सचे मैदान आणि दिवसभर फिरवणारी पर्यटकांची बस. चौघांच्या तिकिटांची बेरीज ९०० पौंडांच्या वर गेली. पौंड ११५ रुपयांना धरला तर हे एक लाखाहून अधिक होतात आणि त्यात शहरातला रोजचा प्रवास धरलेलाच नाही. प्रवास धरून माझी मर्यादा ६०,००० रुपयांची, म्हणजे सुमारे ५२० पौंडांची आहे.

कात्री कुठे लावावी हे समजत नाही, कारण प्रत्येक ठिकाणासमोर 'इतक्या लांब जाऊन हे पाहिले नाही तर काय' असे मनात येते. मुलीला लंडन आयमध्ये बसायचे आहे, पत्नीला क्यू गार्डन्स पाहायची आहेत आणि मला लॉर्ड्स. आईला विचारले तेव्हा 'तुम्ही जाल तिथे मी येईन, माझ्यासाठी वेगळा खर्च करू नका' एवढेच उत्तर मिळाले, त्यामुळे तिच्या नावावर यादीत काही नाही. जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वाशी_सेक्टर_१७

तुमच्या यादीत एकही विनामूल्य ठिकाण नाही, आणि लंडनच्या बाबतीत ही मोठीच उणीव आहे. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांना डिसेंबर २००१ पासून प्रवेशशुल्क नाही. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, टेट मॉडर्न ही सगळी फुकट पाहता येतात. २०२४ मध्ये वाघनखे ज्यांच्याकडून साताऱ्याला आली ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमही त्यातलेच. पैसे लागतात ते फक्त विशेष प्रदर्शनांना. मात्र बहुतेक ठिकाणी वेळ आधी आरक्षित केलेली बरी, नाहीतर रांगेत तास जातो.

नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा छताला टांगलेला आहे. माझा मुलगा त्याच्याखाली जमिनीवर पाठ टेकून पडून राहिला होता आणि रखवालदारानेही त्याला उठवले नाही. त्या सकाळी आमचा शून्य पौंड खर्च झाला होता.

उंचावरून शहर पाहण्यासाठी शार्डचे तिकीट काढण्याची गरज नाही. फेनचर्च स्ट्रीटवरच्या इमारतीच्या ३५ व्या मजल्यावर स्काय गार्डन आहे आणि बिशप्सगेटवर ५८ व्या मजल्यावर होरायझन २२ आहे. दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य आहे, पण नोंदणी काही आठवडे आधी खुली होते आणि चांगल्या वेळा लगेच संपतात. ठाण्यातून निघण्यापूर्वीच ती करून ठेवा.

नौपाडाकर

आम्ही दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो, म्हणून एक अनुभव लिहितो. कार्यक्रमपत्रिकेत १४ ठिकाणांची नावे होती आणि तेवढ्या पैशांत हे फारच किफायतशीर आहे असे समजून आम्ही पैसे भरले. त्यांपैकी नऊ ठिकाणांपुढे बारीक अक्षरांत 'फोटो स्टॉप' लिहिलेले आम्ही नीट वाचले नव्हते. टॉवर ऑफ लंडनच्या तटबंदीबाहेर बस २० मिनिटे थांबली. ज्यांना आत जायचे होते त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुन्हा यावे, असे सांगण्यात आले, आणि पुन्हा येण्यासाठी मोकळा दिवस कार्यक्रमात नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवतो. कोहिनूर ज्या इमारतीत आहे तिच्या भिंतीचे छायाचित्र घेऊन मी परत आलो, याची खंत अजून गेलेली नाही.

तुम्ही स्वतंत्रपणे जात आहात हे फार चांगले आहे. ठिकाणे कमी करा, पण जे घ्याल ते आतून आणि पुरेसा वेळ देऊन पाहा. टॉवरला किमान तीन तास हवेतच. तिथे मुलांना अर्धे तिकीट आहे आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना सवलत आहे, ती परदेशी पाहुण्यांनाही मिळते. वयाचा पुरावा जवळ ठेवा.

ऐरोलीकर

प्रवासखर्चाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे अंदाजपत्रक इथेच फसते. कामानिमित्त मी तिथे आठ महिने राहिलो आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये कार्ड टेकवून प्रवास करता येतो, आणि दिवसभरात कितीही फिरलात तरी एका ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. मध्यवर्ती भागासाठी, म्हणजे झोन १ आणि २ साठी, ही दैनिक मर्यादा २०२५ मध्ये नऊ पौंडांच्या आत आहे. साप्ताहिक मर्यादाही आहे, ती सुमारे ४५ पौंडांची, आणि ती सोमवार ते रविवार अशीच मोजली जाते. तुमचे सात दिवस नेमके सोमवारी सुरू होतात, त्यामुळे तुम्हाला तिचा पूर्ण लाभ मिळेल. गुरुवारी उतरणाऱ्या माणसाचा आठवडा दोन तुकड्यांत मोडतो आणि तेच अंतर फिरूनही त्याचे जास्त पैसे जातात.

प्रत्येक प्रौढाला स्वतंत्र कार्ड लागते, एकाच कार्डावर तिघांना आत सोडत नाहीत. सकाळी जे कार्ड टेकवले तेच रात्रीपर्यंत वापरायचे. प्लास्टिकचे कार्ड आणि तेच कार्ड भरलेला मोबाइल यांना यंत्रणा दोन वेगळी कार्डे समजते, त्यामुळे एकदा हे आणि एकदा ते असे केले तर मर्यादेचा हिशेब चुकतो. आपल्या बँकेचे कार्ड तिथे परकीय चलनासाठी किती टक्के अधिभार लावते ते आधी विचारा, अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के आणि वर कर असा असतो. दुकानातल्या यंत्राने 'रुपयांत देणार की पौंडांत' असे विचारले तर पौंडच निवडा, कारण रुपयांत दाखवलेला दर नेहमी महाग पडतो.

तुमची मुलगी ११ वर्षांच्या आतली आहे, म्हणून मोठ्या माणसाबरोबर तिचा रेल्वेचा आणि बसचा प्रवास विनामूल्य आहे. फाटकाशी असलेल्या कर्मचाऱ्याला सांगा, तो रुंद दार उघडून देतो.

आईंसाठी मात्र बस पाहा. कित्येक भुयारी स्थानकांत जिन्यांशिवाय मार्ग नाही आणि गाडी बदलताना लांबलचक बोगदे चालावे लागतात. बस मात्र सगळ्या खालच्या पायरीच्या आहेत. एका वेळचे भाडे २०२५ मध्ये पावणेदोन पौंड आहे आणि तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे भाडे लागत नाही. पर्यटकांच्या बसवर चौघांचे शंभराहून अधिक पौंड घालवण्यापेक्षा ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून १५ क्रमांकाची साधी बस घ्या. ती सेंट पॉल्सवरून टॉवरपर्यंत जाते. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळेपर्यंत एखादी बस सोडावी लागली तरी सोडा. आपल्याकडे बेस्टच्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निघून गेल्या, त्यांच्या पुढच्या खिडकीत बसून ज्यांनी मुंबई पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

नेरूळची_आजी

आपल्या आईने दिलेले उत्तर वाचले आणि लिहावेसे वाटले. माझे वय ७१ आहे. मुलाबरोबर सिंगापूरला गेले तेव्हा मीही अगदी हेच म्हटले होते. मुलगा गुणी आहे, त्याने माझा शब्द मानला, आणि पाच दिवसांतले जवळजवळ तीन दिवस मी कुठल्या ना कुठल्या प्रवेशद्वाराबाहेरच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसले. आत जाऊन काय करायचे, एवढे पैसे कशाला, असे मीच म्हणत होते. तिथले वनस्पती उद्यान मला पाहायचे होते आणि त्याला तर तिकीटही नव्हते, पण ते कोणाच्या यादीत नव्हते आणि मी बोलले नाही.

आमच्या पिढीतल्या बायकांना 'तुला काय हवे' या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय नाही. म्हणून तसे विचारू नका. दोन-तीन गोष्टी समोर ठेवा आणि 'यातले एक तुला निवडायचेच आहे, तेवढे पैसे तुझ्या नावावर काढून ठेवले आहेत' असे सांगा. मग पाहा, काय उत्तर येते.

घोडबंदरवासी

सर्वांचे मनापासून आभार. आजी, तुमचा प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवला आणि आम्ही दोघेही काही वेळ गप्प राहिलो.

काल रात्री जेवणे झाल्यावर आईसमोर तीन पर्याय ठेवले : बोटीतून फेरफटका, राजवाडा आणि वेस्ट एंडमधले नाटक. तिने एका क्षणात नाटक म्हटले. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उघडले तेव्हापासून ती तिथे नाटके पाहत आली आहे, कितीतरी वेळा वडील नको म्हणत असताना शेजारणीबरोबर जाऊन, आणि तरीही लंडनमध्ये नाटक हा विचार माझ्या मनात आला नव्हता. इंग्रजी सगळे कळेल का, असे मी विचारले, तर म्हणाली, 'उभे कसे राहतात ते तर कळेल.'

त्यावरून आखणीची पद्धतच बदलली. आधी ठिकाणांची यादी आणि मग कात्री, असे करण्याऐवजी आता चार माणसांची नावे लिहिली आहेत आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे एक तिकीट. जिथे बाकीच्यांनी बरोबर असण्याची गरज नाही तिथे फक्त ज्याला हवे त्याचेच तिकीट काढायचे. सर्वांनी मिळून पाहायचे तिकिटाचे ठिकाण एकच, टॉवर ऑफ लंडन. उरलेला वेळ विनामूल्य जागांसाठी.

दोन शंका राहिल्या आहेत. अनेक ठिकाणांचा एकत्र पास मिळतो तो घ्यावा का? आणि अॅबी आतून पाहण्याचा दुसरा काही मार्ग आहे का?

कळवेकर

पासाच्या किमतीला त्याच्या दिवसांनी भागा. जो आकडा येईल तेवढ्या रकमेची तिकिटे तुम्ही रोज वापरणार आहात का, हे स्वतःला विचारा. मोठ्या ठिकाणांची तिकिटे ३० ते ३५ पौंडांची धरली तर थोड्या दिवसांचा पास वसूल व्हायला साधारण रोज दोन-तीन ठिकाणे करावी लागतात. लहान मूल आणि ६८ वर्षांच्या आई बरोबर असताना ते शक्य नाही, आणि पैसे भरले आहेत म्हणून कोणी धावपळ करू लागला की सहलीचा जीव जातो. तुमच्या नव्या आखणीत पासाला जागाच नाही.

वेस्टमिन्स्टर अॅबी आणि सेंट पॉल्स या दोन्ही ठिकाणी बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास इव्हनसाँग नावाची गायनयुक्त प्रार्थना असते आणि तिला कोणीही विनामूल्य बसू शकते. मात्र ती प्रार्थना आहे. छायाचित्रे काढायची नाहीत, फिरायचे नाही, शेवटपर्यंत बसायचे. आपल्या देवळात आरती चालू असताना पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते तसेच तिथे वागावे. उंच कमानींखाली मुलांचे सूर ऐकू येतात तेव्हा तिकीट काढून दुपारी गर्दीत फिरलेल्यापेक्षा अधिक काही मिळाल्यासारखे मला वाटले.

बेलापूर_किल्ला

एका जागेचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. प्रवेश विनामूल्य आहे, उघडण्याच्या वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. जवळचे भुयारी स्थानक चॉक फार्म. तिथून प्रिमरोझ हिल ही टेकडी चालत काही मिनिटांवर आहे आणि तिच्या माथ्यावरून सगळे मध्य लंडन दिसते. मुलीला सोबत न्या आणि ते घर पाहून झाल्यावर टेकडीवर बसा. अर्धा दिवस, आणि खर्च केवळ बसचा.

घोडबंदरवासी

परत येऊन दहा दिवस झाले. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना हिशेब देणे मला आवश्यक वाटते.

प्रवास, तीन प्रौढांचा, सुमारे १३५ पौंड. टॉवर चौघांचे सुमारे ११६. क्यू गार्डन्स, शेवटी चौघांचेच काढले, सुमारे ७०. लंडन आय, मुलगी आणि पत्नी, सुमारे ५८. नाटक, आई आणि पत्नी, ६४. लॉर्ड्स, मी एकटा, सुमारे ३०. ही बेरीज ४७३ झाली आणि ४७ पौंड अडीअडचणीसाठी हातात राहिले. एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि आईचे गुडघे दुखू लागले, तेव्हा टॅक्सीला १८ गेले. ग्रिनिचहून परत येताना चौघे नदीतल्या बोटीने आलो, त्याचे ३३. म्हणजे मर्यादा चार पौंडांनी ओलांडली. ऐरोलीकरांच्या सल्ल्यामुळे अधिभार नसलेले कार्ड घेऊन गेलो होतो, नाहीतर आणखी १५-२० पौंड सहज गेले असते.

बोटीचा प्रवास मुळात ठरलेला नव्हता. ग्रिनिच वेधशाळेच्या अंगणातल्या शून्य रेखांशावर उभे राहायला तिकीट आहे, पण तीच रेषा भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही दाखवलेली आहे आणि तिथे काही लागत नाही. मुलीने एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवला आणि आजीलाही तसेच उभे केले. मग आम्ही थेम्सखालून जाणाऱ्या १९०२ सालच्या पादचारी बोगद्यातून पलीकडे जाऊन आलो. तोपर्यंत सगळे थकले होते आणि समोर बोट लागलेली होती. राखून ठेवलेले पैसे अशा वेळी न कचरता वापरावेत असे मला वाटते, त्यासाठीच ते राखायचे.

टॉवरमध्ये मुकुटांसमोरून सरकता पट्टा नेतो, थांबता येत नाही. आई एकदा गेली, फिरून मागे आली आणि पुन्हा पट्ट्यावर उभी राहिली. कोहिनूर तिला अपेक्षेपेक्षा लहान वाटला. क्यू गार्डन्समधल्या १८४८ च्या काचघरात शिरताच माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि पत्नी केळीच्या पानाला हात लावून म्हणाली की हा उकाडा तर घरचाच आहे. तिथे आम्ही ठरवलेल्यापेक्षा दोन तास अधिक थांबलो.

लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये पाहुण्या संघांचे शतकवीर लिहिलेले लाकडी फलक आहेत. त्यांवर वेंगसरकरांचे नाव तीनदा आहे : १९७९, १९८२ आणि १९८६. ते मला पाठ होते. तरी सोनेरी अक्षरांत समोर दिसल्यावर मार्गदर्शक पुढे निघून गेला आणि मी तिथेच उभा राहिलो. २५ जून १९८३ ला जिथे विश्वचषक उंचावला गेला त्या सज्जातून हिरवळ पाहिली. चौघांनी हे पाहिले असते तर तिप्पट खर्च झाला असता आणि तिघे कंटाळले असते. त्या वेळी ते तिघे बिशप्सगेटच्या ५८ व्या मजल्यावर होते आणि खूश होते.

नाटक बुधवारी दुपारच्या प्रयोगाचे काढले होते, कारण रात्री परतणे आईला जड गेले असते. जागा वरच्या बाल्कनीत, मागून तिसऱ्या रांगेत. जिने पुष्कळ आणि उभे आहेत, हे ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, आमच्याकडून ते आधी विचारायचे राहून गेले. तेवढ्या वेळात मी आणि मुलगी सायन्स म्युझियममध्ये होतो. बाहेर आल्यावर आईने सांगितलेली पहिली गोष्ट अशी की मध्यंतरात तिथे लोक बाहेर जाण्याऐवजी जागेवरच आइस्क्रीम खातात. नंतर बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत ती पडद्यामागच्या हालचाली, प्रकाशयोजना आणि एका नटाने पाठ वळवून घेतलेल्या विरामाबद्दल बोलत होती. मी तिला इतके सलग बोलताना बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते.

किंग हेन्रीज रोडवरच्या घरी आम्ही शनिवारी गेलो. मुलीने वहीत पत्ता लिहून घेतला.

मादाम तुसाँ, शार्ड आणि पर्यटकांची बस सोडल्याची रुखरुख कोणालाही नाही. सेंट पॉल्सचा घुमट चढायचा राहिला, त्याची मला थोडी आहे.

नेरूळची_आजी

आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. बाल्कनीच्या जिन्यांसाठी नाट्यगृहांना आधी कळवले तर कमी पायऱ्यांच्या जागा सुचवतात, असे माझी तिथली भाची सांगते. पुढच्यांना उपयोग होईल म्हणून लिहिले.

खारघर_टेकडी

धागा संपूर्ण वाचला. आम्ही सासू-सासऱ्यांसह डिसेंबरच्या २० ते २७ तारखांना जाण्याचा विचार करत आहोत. हीच आखणी चालेल का?

ऐरोलीकर

पद्धत तीच चालेल, तारखा मात्र पुन्हा पाहा. २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि शहरी बस दोन्ही पूर्ण बंद असतात आणि संग्रहालयेही उघडत नाहीत, २४ ते २६ या दिवसांत बरीच ठिकाणे बंद असतात. त्या दिवसांत दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे उद्याने आणि टेकड्या सकाळीच घ्याव्या लागतील. आठ दिवसांपैकी दोन दिवस असे जात असतील तर राहण्याचा खर्च तेवढाच आणि पाहणे कमी, असे होईल. नाताळची रोषणाईच पाहायची असेल तर ती नोव्हेंबरच्या मध्यापासून लागलेली असते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शक्यतो रविवारी पोहोचून सोमवारपासून फिरायला सुरुवात होईल असे जा.